तेवीस नावांचा रोट

कबड्डीच्या मैदानावर मी अठ्ठावीस वर्षं पंच होतो आणि तेवढ्या काळात माझी शिट्टी एकदाही चुकीची वाजली नाही. हे सगळं खानदेश मान्य करतं. म्हणजे मी मान्य करतो. बाकीच्यांना विचारलेलं नाही, कारण पंचाने खेळाडूंना विचारायचं नसतं. शाळेत मी पी.टी. शिकवायचो. आता निवृत्त आहे, जळगावात एकटा राहतो, आणि शिट्टी अजून दाराजवळच्या खुंटीला आहे. दूधवाल्याने पिशवी ठरलेल्या जागी ठेवली नाही तर ती वाजते.

तर यंदा श्रावणात मी ठरवलं की आमच्या कुळाची कानबाई माझ्या घरी बसेल आणि नियमाने बसेल. तुम्ही खानदेशातले असाल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. नसाल तर नीट वाचा, सगळा घोळ त्यातच आहे.

कानबाई ही आमची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती नारळाच्या रूपात पाटावर बसते, गाणी होतात, फुगड्या होतात, आणि सोमवारी सकाळी तिचं विसर्जन होतं. तिच्या नैवेद्याला रोट लागतो, म्हणजे गव्हाची जाड पोळी. रोटाचा गहू कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजायचा. आमच्यात नावामागे दोन ओंजळी. दळण्याआधी चक्की धुऊन घ्यायची. आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी, मित्र, पाहुणा, कोणालाही तुकडा द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. टाकायचाही नाही. रोट आणि उरलेलं पीठ, सगळं राखी पौर्णिमेच्या आत संपवायचं. आमच्या कुळात पुरुष तेवीस. म्हणजे रेषेच्या आत तेवीस जण आणि बाहेर सगळं जग, इतका सोपा नियम आहे.

यात अडथळा एकच, ज्ञानेश्वर. हा माझा चुलतभाऊ, धुळ्याला असतो. तरुणपणी चढाई फार सुंदर करायचा. एकदा भडगावच्या सामन्यात त्याचं बोट रेषेबाहेर टेकलं म्हणून मी त्याला बाद दिलं, तेव्हापासून तो माझ्या प्रत्येक बोलण्यावर हरकत घेतो, आणि तीही अहिराणीत. गेल्या वर्षी कानबाई त्याच्याकडे होती. त्याने काय करावं? पुण्या-सुरतेच्या पोरांना रोट कुरियरने पाठवले आणि आरती मोबाइलवर दाखवली! मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही. त्याआधीही फारसं बोलत नव्हतो, पण हे सहा महिने मुद्दाम.

म्हणून यंदा मी कुळाच्या ग्रुपवर आधीच टाकून दिलं, "कानबाई या वर्षी मूळ घरी, म्हणजे माझ्याकडे. ज्याच्या नावाचा गहू त्याने स्वतः येऊन खायचा. कुरियर चालणार नाही. हरकत असल्यास कळवावे."

हरकत एकट्या धुळ्याहून आली. "मनाकडे बी कानबाई बसनार शे. ज्याले जठे सोयीचं पडी, त्याने तठे जावानं."

झालं, सामना लागला. जळगाव विरुद्ध धुळे, आणि एकवीस खेळाडू मोकळे.

आता खरं सांगतो. मला ज्ञानेश्वरला हरवायचं होतंच, पण त्याहून जास्त मला पंगत हवी होती. दोन वर्षांपूर्वी माझी बायको, कमल, गेली. तेव्हापासून या घरात दोन माणसं एकदम जेवायला बसलेली नाहीत. मुलगा चंदन पुण्याला. मी रोज एकच ताट घेतो, एकच घासतो आणि तेच परत फळीवर लावतो. बाकीची ताटं नुसती चकचकीत उभी असतात. एक दिवस तरी हे घर भरावं, कोणीतरी 'आबा, पाणी कुठाय' म्हणून ओरडावं, एवढंच हवं होतं. पण 'मला एकटं वाटतं, या' असं ग्रुपवर लिहिता येत नाही. म्हणून नियम लिहिले.

शनिवारी गहू मोजला. माझे पंजे आधीच सुपाएवढे, त्यात हौस. चक्कीवर पोतं नेलं तर चक्कीवाला झुलाल म्हणाला, "सर, घरात लग्न निघालं का?"

"रोटाचं आहे. चक्की धुतली का?"

"धुतली."

"पुन्हा धू."

त्याने पुन्हा धुतली. पीठ घेऊन मी घरी पोचलो आणि फोन वाजायला सुरुवात झाली.

पहिला नाशिकच्या हर्षलचा. पुतण्या. "आबा, तिकडे गर्दी होईल ना खूप? मग मी एक नसलो तर काय फरक पडतो? माझा रोट तेवढा ठेवा." दुसरा सुरतेच्या लीलाधरचा. त्याचंही तेच. तिसऱ्याला धुळं जवळ पडत होतं. चौथ्याने सांगितलं, माझ्याकडे आधीच एवढी माणसं, त्यात पोराबाळांना घेऊन कुठे अडचण करायची. जो तो माझ्या घरातल्या गर्दीची काळजी करत होता. गर्दी मात्र अजून आलेली नव्हती.

शेवटी चंदनचा फोन आला. "बाबा, सगळे येताहेत ना?"

"हो तर. घर पुरायचं नाही."

"मग बरं झालं. मला ऑफिसचं काम निघालंय हो. तुम्हाला एकटं नाही वाटणार, म्हणून विचारलं."

"छे. कशाला एकटं वाटेल?" मी म्हणालो. पंचाचा आवाज कसा पाहिजे, ठणठणीत, तसा काढला. फोन ठेवल्यावर पिठाच्या पोत्याकडे पाहिलं. त्यात त्याच्याही नावाच्या दोन ओंजळी होत्या.

रविवारी मी सोवळं नेसून एकटाच रोट करायला बसलो. कुळातल्या सुना येऊन करतात, पण सुना नवऱ्यांबरोबर येतात आणि नवरे आले नव्हते. कमलचे रोट तोंडात घातले की विरघळायचे. माझे सपाट, गोल आणि मजबूत झाले. एक हातातून सुटून फरशीवर पडला तर आवाज आला. दुपारपर्यंत पाठ मोडली, परात भरली, आणि पोत्याकडे पाहिलं तर ते निम्मंही रिकामं झालं नव्हतं.

तेवढ्यात ग्रुपवर ज्ञानेश्वरचा फोटो आला. ओसरीवर ही मोठी पंगत, ताटं, पोरं, हसणारी तोंडं. खाली लिहिलेलं, "धुये. आनंदीआनंद."

मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. आणि मग, वाचकहो, अठ्ठावीस वर्षं पंच असलेल्या माणसाने खोटेपणा करायचं ठरवलं.

माणसं आणता येत नव्हती. पण माणसं आत बसलेली आहेत हे दाखवायला बाहेर काय लागतं? चपला. माझ्या भिंतीला भिंत लागून सोहनलालजी राहतात. बाजारात त्यांचं चपलांचं दुकान आहे आणि निम्मा माल घरात असतो. मी हाक मारली.

"चपला पाहिजेत," मी म्हणालो. "पाच-पंचवीस जोड. तासाभरासाठी."

"पाय किती आहेत मास्टरजी?"

"पाय नाहीत. फक्त चपला."

सोहनलालजी सत्तर वर्षांचे. धंद्यात मुरलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाला जास्त विचारत नाहीत. दोन पोती आणून दिली आणि दुकानात निघून गेले. मी चपला दारात मांडल्या. काही सरळ, काही उलट्या, एकावर एक चढलेल्या, अगदी घाईने काढल्यासारख्या. कोपऱ्यात लहान मुलाची हवी होती, ती नव्हती. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "जळगाव. पाय ठेवायला जागा नाही."

दोन मिनिटांत धुळ्याची हरकत आली. "पितांबर, बठ्ठास्ना पाय आठ नंबरनाच शेतस का?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. सगळ्या आठ नंबरच्या होत्या, आणि तीन जोडांवर किमतीचे कागद तसेच. मी मोबाइल बंद केला आणि आत जाऊन पाटासमोर बसलो. चपला उचलायचं भान राहिलं नाही, आणि तिथेच गाडी घसरली.

आता गल्लीच्या बाजूने बघा. एकट्या म्हाताऱ्याचं घर. दारात चपलांचा खच. आत ना गाणं, ना बोलणं, ना भांड्याचा आवाज. गल्लीला काय वाटणार? आणि या घरात राहतो एकच माणूस, त्यामुळे गेलं कोण हे शोधायला डोकं चालवावं लागत नव्हतं.

अर्ध्या तासाने दार वाजलं. मी उघडलं. दारात कोपऱ्यावरचे तोतारामभाऊ, हातात झेंडूचा हार. मागे गल्लीतले पंधरा-वीस जण, बायकांनी पदर तोंडाला लावलेले, आणि सगळ्यांत पुढे सोहनलालजींच्या प्रेमकुंवरबाई रडत होत्या. त्या सकाळपासून मंदिरात होत्या, चपलांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मला सोवळ्यात उभा बघून तोतारामभाऊ दोन पावलं मागे सरकले. मग हाराकडे बघून म्हणाले, "मग हा कोणाला घालायचा?"

"देवीला घाला," मी म्हणालो.

सगळे आत आले. येऊन परत जाणं त्यांना बरं दिसेना. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी बैठक भरली. माणसं भिंतीला टेकून बसली, कोणी पंखा वाढवला, कोणी पाणी मागितलं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. कारण समोर परातभर रोट, वास सगळ्या घरात, आणि मी प्रत्येकाला फक्त पाण्याचा पेला देत होतो. तोतारामभाऊंनी परातीकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि घसा खाकरला.

"रोट आहे," मी सांगितलं. "भाऊबंदांचा."

"हो हो, नियम आहे," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

ते गेले तेव्हा अंधार पडत होता. माणसं आपापली पायताणं शोधत होती आणि ती सापडत नव्हती. बरेच जण नव्या आठ नंबरात घरी गेले. घर पुन्हा शांत झालं. गाणी म्हणायला कोणी नव्हतं म्हणून मी मोबाइल चालू करून त्यावर गाणी लावली आणि तो देवीजवळ ठेवला. गेल्या वर्षी ज्ञानेश्वरनेही देवीपुढे मोबाइलच ठेवला होता. हरकत घ्यायला कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाई मांडीवर घेऊन मी रिक्षाने मेहरूणच्या तलावावर गेलो. तिथे घरोघरच्या कानबाया, बायकांच्या डोक्यावर पाट, पुढे वाजंत्री, पोरी नाचताहेत. माझ्या कानबाईपुढे रिक्षावाला, तोही भाड्यासाठी थांबलेला. देवीला पाण्यात सोडताना मी तिची माफी मागितली. कशाबद्दल ते नीट सांगता आलं नाही. नियम सगळे पाळले होते, तरी काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं.

दुपारी दार वाजलं. आता कोण हार घेऊन आलं, म्हणून उघडलं तर ज्ञानेश्वर. एसटीने आलेला, घामाघूम, हातात लग्नात बुंदी ठेवतात तेवढा डबा. शेवटचं भेटलो तेव्हा याचे केस काळे होते.

"पह्यले पानी दे," तो म्हणाला आणि बसला.

पाणी दिलं. "डबामा काय शे?"

"रोट."

"तुनाकडे तर मोठी पंगत व्हती."

"तो फोटो मागना वरीसना शे." त्याने पेला खाली ठेवला. "कोनीच उनं नही. बठ्ठा बोलनात, जयगावले जाई राह्यनूत. तुनी वहिनी सुरतले, सुननं बायंतपन शे. मी एकटाच रोट करी राह्यंतू."

मीही सांगून टाकलं. मला म्हणाले, तुमच्याकडे गर्दी होईल, आणि त्याला म्हणाले, जळगावला चाललोय. तेवीस जणांचं कूळ जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये कुठेतरी विरून गेलं होतं.

"मंग तू का उना?" मी विचारलं.

"चपला देखात ना, तव्हयच समजनं. तू बी एकटा शे." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "आनि हाई खावाले भाऊबंद पाहिजे. तेवीस मा तूच उरना."

मला काय वाटलं ते सांगतो, मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण त्याने डब्याचं झाकण काढलं. त्यानेही नियमाने तेवीस नावांचा गहू मोजला होता. माझ्या परातीशेजारी त्याचा डबा, शिवाय त्याच्या घरी उरलेलं पीठ, शिवाय माझं पोतं. मदतीला आलेला माणूस माझं संकट दुप्पट करून बसला होता. आम्ही दोघे खायला लागलो. माझा रोट खाऊन तो म्हणाला, "कडक शे." मी त्याचा खाल्ला. तोही कडकच होता, पण मी दुसरा उचलला.

चौथ्या रोटाला आम्ही थांबलो. परातीत काही फरक दिसत नव्हता.

त्याच वेळी प्रेमकुंवरबाई राहिलेल्या चपला न्यायला आल्या. आम्हा दोघांची तोंडं आणि ते ढीग बघून त्या दारातच घोटाळल्या.

"मास्टरजी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"भाभीजी होत्या तेव्हा एवढे उरायचे नाहीत. त्या मागच्या खिडकीतून द्यायच्या. आम्हाला, तोतारामजींना, दूधवाल्याला. म्हणायच्या, खिडकीतून दिलं की उंबरा ओलांडला जात नाही. आणि म्हणायच्या, सरांना सांगू नका, त्यांना वाटतं भाऊबंदच खातात."

ज्ञानेश्वर एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी हसलो नाही. आधी राग आला. इतकी वर्षं ही बाई माझ्या नाकासमोर चढाई करून येत होती, गुण घेऊन परत जात होती, आणि पंचाला काही दिसलं नव्हतं. मग मागची खिडकी डोळ्यांपुढे आली, तिच्यातून बाहेर गेलेला तिचा हात आला, आणि मला कमलची इतकी आठवण आली की मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि पाणी न पिता उभा राहिलो.

बाहेर आलो तो निर्णय घेऊनच. "ज्ञाना, नोंदलेला खेळाडू मैदानात आला नाही तर काय करतात?"

"राखीव उतरवतंस."

"राखीव खेळाडू कोणाचा धरायचा?"

"संघना."

"मग झालं तर. गहू एकवीस जणांच्या नावाने मोजलाय, ते आले नाहीत. त्यांच्या जागी राखीव उतरतील. नाव तेच, संघ तोच. रोट कुळातच राहिला."

मी हरकतीची वाट बघितली. ज्ञानेश्वरने आयुष्यात पहिल्यांदा ती घेतली नाही. "बलाव," तो म्हणाला.

तासाभरात पंगत बसली. मी उभं राहून एकेकाला नाव दिलं. तोतारामभाऊ नाशिकचे हर्षल झाले. झुलाल चक्की बंद करून आला आणि भडगावचा धाकटा पुतण्या झाला. प्रेमकुंवरबाईंना मी सुरतेच्या लीलाधरच्या जागी बसवलं. पुरुषाच्या जागी बाई उतरते की नाही यावर आमच्या नियमात काही म्हटलेलं नाही. नाव घेतलं की त्यांनी 'हजर' म्हणायचं. फळीवरची सगळी ताटं खाली आली. शेवटी सोहनलालजी राहिले.

"तुम्ही चंदन," मी म्हणालो.

ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. पण माल घेतला की नीट विकायचा, हा त्यांचा स्वभाव. मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हजर, बाबा."

मी त्यांना रोट वाढला, वर दूध घातलं, केळं दिलं. गल्लीतल्यांनी कडक रोट दुधात बुडवून, फोडून, काहींनी खिशात घालून संपवायला घेतले. आवाज फार होत होता. कोणीतरी 'सर, पाणी कुठाय' म्हणून ओरडलं. ज्ञानेश्वर तोतारामभाऊंना भडगावचा तो सामना सांगत होता, आणि त्याच्या गोष्टीत त्याचं बोट रेषेच्या आत होतं. मी ऐकून घेतलं.

पाऊण रोट खाऊन सोहनलालजी उठले. "बाबा, मी निघतो आता. कामावर जायचंय."

राखीव खेळाडू इतका हुबेहूब असू नये. मी दारापर्यंत गेलो आणि सवयीने जे नेहमी म्हणतो तेच म्हणालो, "सावकाश जा. पोचलास की फोन कर."

म्हणून झाल्यावर मला शरमल्यासारखं झालं. त्यांचं दार माझ्या दारापासून आठ पावलांवर आहे. सोहनलालजींनी मान डोलावली, चपला घातल्या आणि गेले.

मी परत येऊन बसलो तोच मोबाइल वाजला. पलीकडून आवाज आला, आणि तोच आवाज भिंतीतूनही आला.

"बाबा, पोचलो."

"बरं," मी म्हणालो. "जेवून घे वेळेवर."

ज्ञानेश्वरने तोंडातला घास गिळला. "कोना फोन व्हता?"

"चंदनचा," मी सांगितलं.